पन्नासावी जागा

“बसले तर चालेल ना इथं?” असं विचारत मी खुर्ची ओढली आणि कुणी काही म्हणायच्या आत बसूनही टाकलं.

शटर निम्मंच वर होतं, मी वाकून आत शिरले होते. बाहेर मार्चमधलं सोलापूर, दुपारचा दीड. आत आल्यावर आधी काही दिसेना. मग दिसलं, की टेबलं सगळी भिंतीला सरकवलेली आहेत आणि मधल्या फरशीवर सतरंज्या टाकून वीसेक माणसं मांडी घालून जेवतायत. बरेचसे पांढऱ्या टोपीतले पुरुष, पलीकडच्या रांगेत चार-पाच बायका. कुणी बोलत नव्हतं. पंख्याची घरघर आणि कडक भाकरी मोडल्याचा आवाज, बाकी काही नाही.

दाराशी उभा असलेला एक माणूस माझ्याकडं टक लावून बघत होता. मिशी नुकतीच काढलेली असावी, ओठावरची जागा पांढरट दिसत होती. तो काही बोलणार तेवढ्यात आतल्या पडद्यामागून एक बाई आली. पन्नाशीची, फिकट पातळ नेसलेली, कपाळ मोकळं.

“कुठनं आलाव?” तिनं विचारलं.

“सात रस्ता चौकातनं.”

“जेवायला आलाव न्हवं?”

“हो. उशीर झाला का?”

तिनं एकदा त्या माणसाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. “न्हाई. बसा की.”

बाहेर ‘माने भोजनालय, शुद्ध शाकाहारी’ असा बोर्ड होता, रंग उडालेला. मला तो बघताक्षणी आवडला होता. आवडला म्हणजे कामाचा वाटला. त्या काळात मला दुसरं काही आवडत नव्हतंच.

मी तेव्हा एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत ‘आपल्या गावात’ नावाचं सदर लिहायचे. अकरा वर्षं लिहीत होते. गावातल्या खाणावळी, हॉटेलं, परमिट रूम, दुकानं शोधायची, बिल आपलं आपण द्यायचं, ओळख द्यायची नाही आणि आवडलं तर लिहायचं. ऐकायला मजेचं वाटतं. परमिट रूममध्ये एकटी बाई शिरली की वेटर हमखास पडद्याच्या फॅमिली सेक्शनमध्ये नेऊन बसवायचा आणि विचारायचा, “साहेब मागनं येणारेत का?” सुरुवातीला मी हसायचे. नंतर नंतर “हो, येतायत, तोवर एक बिअर आणा” म्हणून मोकळी व्हायचे.

त्या वर्षी आमचे संपादक अष्टेकर यांच्या डोक्यात पुस्तिका आली. गावात नवीन झालेल्या एका मोठ्या हॉटेलानं पैसा लावला होता, त्यांच्या प्रत्येक खोलीत ती ठेवायची होती. सोलापुरातल्या मनात भरलेल्या पन्नास जागा. पाडव्याला प्रकाशन. एकोणपन्नास झाल्या होत्या, पन्नासावी सापडत नव्हती. शुक्रवारी मजकूर द्यायचा होता आणि हा गुरुवार होता. माझं कंत्राट एकतीस मार्चला संपत होतं. अष्टेकरांनी सरळच सांगितलं होतं, “हंचाटे, पुस्तिका वेळेत निघाली तर पुढचं वर्ष आपलं. नाही निघाली तर मला वर तोंड दाखवायला जागा नाही.” नवऱ्यापासून वेगळी होऊन मला सहा वर्षं झाली होती, मुलगा बारावीच्या क्लासला लातूरला होता. ते पुढचं वर्ष मला हवंच होतं.

आणि एक गोष्ट कुणाला माहीत नव्हती. आठ महिन्यांपासून मला चव लागत नव्हती.

जुलैत एक ताप येऊन गेला आणि जाताना जिभेचं सगळं घेऊन गेला. तिखट लागायचं, म्हणजे नुसतं पोळायचं. बाकी मीठ, साखर, चिंच, सगळं सारखंच. डॉक्टर म्हणाले, “येईल हळूहळू, टेन्शन घेऊ नका.” खाण्यावर लिहून पोट भरणाऱ्या बाईनं हे कुणाला सांगायचं? मी सांगितलं नाही. दुकानांवर जास्त लिहायला लागले, तिथं नुसते डोळे पुरतात. जुन्या गिरण्यांतल्या मागांचे लाकडी धोटे गोळा करून त्यांचे दिवे बनवणारा एक मुलगा होता, त्याच्या दुकानावर मी अर्धं पान लिहिलं आणि ते खरंखुरं आवडून लिहिलं. खाणावळीत गेले की शेजारच्या टेबलावर कान लावायचा. “काय वांगं झालंय बघ,” असं कुणी म्हटलं की माझं वाक्य तयार. आठ महिने असेच गेले आणि एकाही वाचकाचं तक्रारीचं पत्र आलं नाही. त्याचंही वाईट वाटायचं.

तर त्या गुरुवारी बाईनं माझ्यापुढं ताट ठेवलं. कडक भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, भात आणि वाटीत खपली गव्हाची खीर. मी जेवले. त्या दिवशीचं ते माझं तिसरं जेवण होतं. आमटी गरम होती एवढं कळलं. मी सवयीनं कान टवकारले, पण कुणी चकार शब्द बोलेना. अख्ख्या पंगतीत एकानंही बरं-वाईट म्हटलं नाही. मला वाटलं, काय शिस्त आहे.

जेवण झाल्यावर सगळ्यांना बशीतून चहा आला. मलाही आला.

“किती झाले?” मी पर्स उघडत विचारलं.

“आज ऱ्हाऊ द्या,” ती बाई म्हणाली. “आज घ्यायचं नसतंय.”

“असं कसं?”

“जेवलाव न्हवं पोटभर? मग झालं.”

आता सांगताना माझीच मला लाज वाटते. न बोलणारी पंगत, काढलेली मिशी, मोकळं कपाळ, पैसे घ्यायचे नसतात. महाराष्ट्रात जन्मलेल्या दहा वर्षांच्या पोरालाही कळलं असतं. पण मी त्या जागेकडं बघतच नव्हते, मी पन्नासाव्या पानाकडं बघत होते. आणि दमले होते हो. माणूस दमला की समोर दिसतं तेही त्याला उचलून घ्यायचा कंटाळा येतो.

माझा एक नियम होता. कुठल्याही जागेवर तीन फेऱ्या झाल्याशिवाय लिहायचं नाही, त्यातली एक कुणाला तरी सोबत घेऊन. अकरा वर्षांत तो मी पहिल्यांदा मोडला. त्याच संध्याकाळी बसून लिहून काढलं. भारतीय बैठकीची सोय. जेवताना कमालीची शांतता, टीव्ही नाही, गडबड नाही. जेवणानंतर बशीतून चहा, ही इथली खास पद्धत. पहिल्यांदा येणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत, असा जुन्या वळणाचा पाहुणचार. आणि आमटीबद्दल लिहिलं, ‘मिठाचा अंदाज असा, की तागडीत तोलून घातलंय म्हणावं.’ हे वाक्य मी त्याआधी किमान दहा ठिकाणांबद्दल लिहिलं होतं. चालून गेलं होतं.

रविवारी पुरवणीत छापून आलं, सोबत ‘आमच्या पुस्तिकेतली पन्नासावी जागा’ अशी चौकट. सोमवारी सकाळी अकराला ऑफिसचा फोन वाजला, तो मीच उचलला.

“त्ये खाणावळीचं लिवणारी बाई तुमीच का?”

“हो, बोला.”

“मी दिगंबर माने बोलतोय. आमच्या थोरल्या भावाचं तेराव्याचं जेवण हुतं त्ये. तुमी पेपरात छापलंय.”

पुढं तो बरंच बोलला, आवाज चढवून. काल सकाळपासून दारात माणसं येतायत. एक गृहस्थ बायको आणि दोन पोरं घेऊन आला आणि म्हणाला, आम्ही चौघंही पहिल्यांदाच आलोय. दुसरा एकजण चहा बशीतूनच पाहिजे म्हणून बसून राहिला. आमच्या घरात माणूस गेलाय आणि तुम्ही त्याचा तमाशा केला. मी “चूक झाली, माफ करा” एवढंच म्हणत राहिले. दुसरं काय म्हणणार?

अष्टेकरांना सांगितलं तर ते कपाळाला हात लावून बसले. मग उठून केबिनचं दार लावलं.

“खाणावळ आहे ना पण? की तीही नाही?”

“आहे. म्हणजे होती. मालक गेला. भाऊ म्हणतोय बंद करायची, जागा मोबाईलवाल्याला द्यायची.”

“मग तुम्ही जा तिथं. माफी मागा, समजूत काढा आणि कसंही करून ती चालू राहील असं बघा.”

“मी कशी बघणार?”

“अहो, लोक येतायत म्हणावं दारात. धंदा आयता आलाय. हॉटेलवाल्यांना काय सांगू मी, पन्नासावी जागा म्हणजे तेरावा होता म्हणून? पुस्तिका अडकली तर तुमचंही अडकलं, माझंही.”

मी पुरवणीचा अंक पर्समध्ये घातला आणि रिक्षा केली. सुतकातून आत्ताच उठलेल्या घरी जाऊन विधवेला सांगायचं, की बाई, खाणावळ चालू ठेव, माझी नोकरी राहते. वाटेत दोनदा रिक्षा वळवावीशी वाटली.

शटर पूर्ण खाली होतं. बाजूच्या बोळातून आत गेले. दिगंबर ओसरीवर बसला होता, त्या दिवशी दाराशी उभा असलेला तोच मिशी काढलेला माणूस. समोरासमोर आल्यावर त्याचा आवाज फोनइतका चढला नाही, पण त्यानं मला बस म्हटलं नाही. म्हटलं ते त्या बाईनं.

“बसा ताई. पानी घ्या.”

तिचं नाव सोजरबाई. गेलेला मालक धोंडिराम माने, तिचा नवरा. मी हात जोडले, जे बोलायचं होतं ते बोलले. रडू येईल असं वाटत होतं, आलं नाही.

“चूक आमची बी हाय,” सोजरबाई म्हणाली. “शटर लावून घ्यायला पायजे हुतं. तुमी वाकून आत आलाव, म्हटलं कुणी उपाशी बाई हाय. त्या दिवशी आलेल्याला उठवायचं नसतंय.”

“वैनी, तू गप,” दिगंबर म्हणाला. “ओ मॅडम, झालं ते झालं. उद्या बोर्ड उतरवतोय आपण. परवा दुकानवाला येतोय बघायला. दादाच्या मागं हे चालवणार कोण?”

आता माझी पाळी होती. मी अष्टेकरांचीच वाक्यं म्हणून दाखवली. लोक येतायत, नाव झालंय, असं आयतं कुणाला मिळतं, वहिनी इतकी वर्षं रांधतायत, मग अडचण काय. बोलताना माझा आवाज मलाच एखाद्या विमा एजंटासारखा वाटत होता.

“अडचन सांगू का?” दिगंबर म्हणाला. “ही कदी पडद्याभायेर आली न्हाई. गिऱ्हाईक दादाचं.”

“मी अजून काय बोलले न्हाई भाऊजी,” सोजरबाई म्हणाली. “मी इचार करायलेय. बोर्डाचं मी सांगते म्हटलंय न्हवं तुमास्नी?”

ती माझ्याकडं वळली.

“आनलाय का पेपर? वाचून दावा की. भाऊजींनी मला नीट वाचूच दिला न्हाई, नुसतं वरडायलेत.”

मी अंक काढला. माझं स्वतःचं लिखाण मी कधी कुणाला मोठ्यानं वाचून दाखवलं नव्हतं. त्या घरात, त्या दिवशी, ते वाचणं म्हणजे शिक्षाच होती. शांततेचा भाग आला तेव्हा दिगंबरनं तोंड फिरवलं. बशीतल्या चहाशी आले तेव्हा सोजरबाईच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. “त्यास्नी जेवनावर बशीभर च्या लागायचाच,” ती म्हणाली, “म्हणून सगळ्यास्नी दिला.” मी पुढं वाचत गेले. मिठाचं वाक्य आलं. तिनं हात वर केला.

“त्ये परत वाचा.”

मी परत वाचलं. मिठाचा अंदाज असा, की तागडीत तोलून घातलंय म्हणावं.

मग ती सांगायला लागली, माझ्याकडं न बघता, पातळाच्या काठाशी बोटांनी चाळा करत.

“आमच्यात चाखून सैपाक करायची रीत न्हाई. आधी देवाला, मग बाकीच्यास्नी. खानावळ काढली तवापास्नं रोज पैलं ताट देवाला आन् दुसरं त्यास्नी. त्ये एक घास खायाचे आन् आत येऊन सांगायचे. आज मीठ कमी हाय. आज फोडणी करपली. आज बरं जमलंय. सव्वीस वरसं, एक दीस चुकला न्हाई. कदी कदी लय राग यायचा मला. पर त्येंनी सांगितल्याबिगर गिऱ्हाइकाच्या ताटात मी काय बी पडू दिलं न्हाई.”

“आता कोण सांगणारे?” दिगंबर म्हणाला. त्याचा सूर या वेळी मऊ होता.

“त्याच इचारात हाय मी,” ती म्हणाली. “त्येंच्या तेराव्याचा सैपाक मी एकटीनं केला. बायका नको म्हणत हुत्या. म्हटलं, त्येंचं जेवान मी सोडून कोण करनार? पर तेराव्याचं जेवान कसं झालंय, ह्ये कुणी बोलत नसतंय. बरं बी म्हणत न्हाईत, वंगाळ बी न्हाई. तुमीच एकट्या बोललाव, त्ये बी पेपरात.”

मग तिनं माझ्याकडं सरळ बघितलं.

“ताई, खरं सांगा. मला राग येनार न्हाई. बेस्तरवारी आमटीत मीठ कसं हुतं?”

हाच तो क्षण. इतक्या वर्षांनी सांगतेय तरी मला ती ओसरी जशीच्या तशी दिसते, तिचे दोन्ही हात मांडीवर आणि दिगंबर माझ्याकडं बघत असलेला. ‘मला चव लागत नाही हो, आठ महिने झाले, मी कान लावून लिहिते.’ एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. त्या बाईपुढं सांगायला तर काहीच हरकत नव्हती, ती कुणाला सांगणार होती? पण दिगंबर होता. तो उद्या ऑफिसात फोन करून म्हणाला असता, तुमच्या बाईला चवच कळत नाही. अष्टेकर, हॉटेलवाले, एकतीस मार्च, लातूर. आणि मला वाटलं, चांगलं म्हटलं की तिला धीर येईल, ती चालू ठेवेल, तिचंही भलं आणि माझंही.

“अगदी बरोबर होतं,” मी म्हटलं.

“नक्की?”

“नक्की. म्हणून तर लिहिलं.”

“बरं,” सोजरबाई म्हणाली.

ती उठली. माझ्या हातातला अंक घेऊन नीट घडी घातली आणि मला परत दिला.

“भाऊजी,” ती म्हणाली, “उद्या बोर्ड उतरवा.”

दिगंबरही चकित झाला असावा. मी तर उभीच राहिले. “अहो वहिनी, मी चांगलं म्हणतेय,” मी म्हटलं. “जेवण चांगलं झालं होतं.”

“व्हय. ऐकलं की मी.”

पुढं ती माझ्याशी नीटच वागली. बोळाच्या तोंडापर्यंत सोडायला आली, ऊन लागंल, डोक्यावर पदर घ्या म्हणाली. मला काही उमगलं नाही. वाटलं, दुःखातली बाई आहे, मनाचा ठाव लागत नाही.

ऑफिसात येऊन अष्टेकरांना सांगितलं, की उद्या बंद होतेय, नाही ऐकत. ते फोनवर होते. फोन ठेवून म्हणाले, “होऊ दे. पुस्तिका सकाळीच छापखान्यात गेली.”

“सकाळी? मी जायच्या आधी?”

“मग काय, थांबवणार होतो का मी? पाडवा तोंडावर आलाय. जागा काय, बंद पडतातच. कोण बघायला जातंय.”

“मग मला कशाला पाठवलंत?”

“तो माणूस फोनवर ओरडत होता, हंचाटे. कुणीतरी जायला नको?”

पाडव्याला पुस्तिका आली. गुळगुळीत कागद, पन्नासाव्या पानावर रंग उडालेल्या बोर्डाचा फोटो. तो काढला तेव्हा आमच्या फोटोग्राफरला शटर बंद असलेलं जास्त कलात्मक वाटलं होतं. माझं कंत्राट वाढलं, मुलाचा क्लास पूर्ण झाला. हॉटेलातले पाहुणे अधूनमधून ऑफिसला फोन करून विचारायचे, ती बशीतल्या चहाची खाणावळ कुठं आहे, आम्हाला तिथं मोबाईलचं दुकान दिसतंय. “बंद झाली,” मी सांगायचे. “अरेरे, का?” “मालक वारले.” हे खरंच होतं.

चव पुढच्या दिवाळीच्या आसपास परत आली, कसली वाजतगाजत नाही. ऑफिसच्या चहात आलं लागलं. मी कप खाली ठेवला आणि परत उचलून प्यायले, तेव्हाही लागलं. आनंद व्हायला हवा होता. झाला असेल थोडा. पण घरी येऊन जेवायला बसले, आमटीचा पहिला घास घेतला आणि मला ती ओसरी आठवली. त्यानंतर रोज आठवायला लागली. जेवताना, नेमकी पहिल्या घासाला. एका बाईनं मला खरं सांगा म्हणून विचारलं होतं आणि मी तिच्या तोंडावर खोटं बोलले होते. ती बंद करणारच होती, आपल्यामुळं काही झालं नाही, अशी मी मनाची समजूत घालायचे. ती पुरत नव्हती. असं वर्षभर काढलं आणि एका शनिवारी उठून गेले.

दिगंबर त्या मोबाईलच्या दुकानाशेजारी पानटपरी टाकून बसलेला सापडला. पत्ता दिला त्यानं, कुरकुर न करता. सोजरबाई मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला होती. तिथं पोचले तेव्हा जेवणं सुरू होती, साठ-सत्तर मुलींचा गलका. मी दारात उभी राहिले. एक मुलगी वाटी घेऊन खिडकीशी गेली आणि म्हणाली, “मावशी, आज मीठ कमी पडलंय हं.”

“व्हय का? थांब,” आतून आवाज आला, आणि ती बाहेर आली, हातात मिठाची वाटी. थोडी वाळली होती, पण चेहरा बरा दिसत होता. मला बघून ओळखलं.

“ताई? हिकडं कुठं?”

मुली जेवून उठल्या, हॉल रिकामा झाला. आम्ही दोघी बाकावर बसलो. मी पाठ केल्यासारखं बोलले. त्या वेळी मला चव लागत नव्हती. आठ महिने लागत नव्हती. तुमच्या आमटीत काय होतं ते मला कळलंच नाही. तुम्ही विचारलंत आणि मी खोटं सांगितलं.

ती ऐकत होती. मध्ये एकदा मान हलवली.

“मला ठाव हाय की,” ती म्हणाली.

“कसं?”

“त्या आमटीत मीठच न्हवतं, ताई. घालायचं ऱ्हायलं हुतं. ध्यान कुठं हुतं माझं त्या दिवशी? ताटावर बी मीठ वाढलं न्हाई. अख्ख्या पंगतीनं मुकाट खाल्लं, तेराव्याला कोण बोलतंय, कोण मागतंय? सांच्याला भांडी घासताना बोट लावलं तवा कळलं.”

तिनं पदराला हात पुसले.

“मग रविवारी तुमचं आलं. तागडीत तोलून म्हणं. मला वाटलं, भिडस्त बाई हाय, फुकट जेवली म्हणून बरं लिवलं आसंल. लोकास्नी सांगाया काय बी सांगू दे, समोर बसवून इचारलं की खरं सांगंल. तुमचं कामच त्ये. आसं एक मानूस पायजे हुतं बघा. आठवड्यातनं एकदा जरी आलं आसतं आन् खरं सांगून गेलं आसतं, तर म्या चालू ठिवली आसती. भाऊजींचं मी ऐकनार न्हवते.”

“मी त्या दिवशी म्हटलं असतं, की मला चवच लागत नाही, तर?”

“त्ये बी खरंच झालं आसतं की,” ती म्हणाली. “म्हणून तर दोनदा इचारलं.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. तिनं बाकावरच्या दोन वाट्या उचलल्या, पदरानं बाक पुसला.

“इथं पोरी तोंडावर सांगत्यात,” ती म्हणाली. “बरं वाटतंय.”

मी निघाले तशी तिनं अडवलं. जेवणाची वेळ आहे, तशीच जाऊ नका. मी नको नको म्हणत असतानाच ताट आणलं. भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, आमटी. मुलगी तक्रार करून गेल्यानंतर मीठ घातलेली, तीच आमटी. मी जेवले, शेवटच्या घासापर्यंत. मीठ बरोबर होतं. आमटी किंचित आंबट झाली होती, चिंच थोडी जास्त पडली होती, आणि हे सगळं मला स्वच्छ कळत होतं. ती समोर बसून होती. मी जेवत असताना तिनं घरी कोण कोण असतं ते विचारलं, उन्हाचं बोलली, पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. मी हात धुऊन आले तरी थोडा वेळ तिच्यापुढं उभी राहिले.

जेवण कसं झालं होतं, ते तिनं मला विचारलं नाही.